साथीचा इतिहास आणि घाटावरची माणसे

कोरोनाच्या दोन वर्षांचा इतिहास आता लिहिला जाऊ लागला आहे. त्यात इस्पितळे आहेत, प्राणवायूच्या नळकांड्या आहेत आणि महामार्गावरून आपल्या गावाकडे निघालेले मजूर आहेत. ते असायलाच हवेत. परंतु ज्याचा रस्ताच पाणी आहे, ज्याचे शेत म्हणजे तलाव आणि ज्याचा नांगर म्हणजे डोंगा, तो माणूस या इतिहासात कोठे आहे? नागपूर जिल्ह्यात कन्हान आणि वैनगंगेच्या काठी ढीवरांची गावे आहेत. शहरातील शिकलेल्या वर्गाला ढीवर आठवतो तो मासळीबाजारापुरता. साथीत बाजार बंद झाला आणि तेवढी आठवणही गेली.

हे मी का लिहावे, असे कोणी विचारील. मी ढीवर नव्हे. माझे आजे-पणजे महार होते, १९५६ साली नागपुरात आमचे घर बौद्ध झाले. परंतु पाण्याच्या प्रश्नावर ढीवराचा आणि आमचा इतिहास एकाच दोरीची दोन टोके आहेत, असे माझे मत आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांत ढीवर हा मासे धरणारा, नाव चालवणारा, शिंगाडे लावणारा, पालखी वाहणारा आणि घरोघर पाणी भरणारा म्हणून येतो. त्याच्या हातचे पाणी ब्राह्मणालाही चालते, अशी नोंद आहे. म्हणजे एका हाताला पाण्यास शिवण्याची बंदी, तर दुसऱ्या हाताला दुसऱ्यासाठी पाणी वाहण्याची सक्ती. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचा याहून स्वच्छ नमुना मला दुसरा दिसत नाही. ढीवराचा हात शुद्ध ठरला तो वरच्यांच्या सोयीसाठी. त्या शुद्धतेने त्याला तलाव मिळाला नाही, की घाटही मिळाला नाही.

घाट कसा गेला, ते कायद्याच्या पुस्तकात आहे. १८७८ साली इंग्रज सरकारने उत्तर हिंदुस्थानच्या नावांसंबंधी कायदा केला आणि तो मध्य प्रांतालाही लागू होता. सरकारने सार्वजनिक ठरवलेल्या घाटाचा उतारा वसूल करण्याचा हक्क लिलावाने देता येऊ लागला आणि अशा घाटापासून दोन मैलांच्या आत परवानगीवाचून दुसरी नाव चालवण्यास मनाई झाली. लिलावात बोली बोलायला पैसा लागतो. जो पिढ्यान्‌पिढ्या नदीचा तळ ओळखत होता, तो ठेकेदाराच्या हाताखाली वल्हे मारणारा मजूर झाला. तलावांची गोष्ट निराळी नाही. मालगुजारी नष्ट करणारा १९५० चा कायदा झाला तेव्हा नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या कायद्याने मालगुजारांचे तलाव शासनाकडे आले. पुढे मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने देण्याची पद्धत पडली. मालक बदलला, ठेका तसाच राहिला. संस्था झाल्या ही मोठीच गोष्ट, ती मी नाकारीत नाही; पण पाणी केव्हा सोडायचे, किती ठेवायचे, हे ठरवणाऱ्या टेबलाशी संस्थेला खुर्ची नाही.

या पार्श्वभूमीवर साथी पाहिल्या पाहिजेत. १८१७ साली बंगालात उठलेला पटकी फौजांबरोबर मध्य हिंदुस्थानात शिरला आणि १८१८ साली नागपूर प्रांतात पोहोचला. सीताबर्डीची लढाई होऊन तेव्हा काही महिनेच लोटले होते. लढाईची तारीख शाळेत पाठ करून घेतात, पटकीचे नावही घेत नाहीत. १९१८ चा इन्फ्लुएंझा रेल्वेने आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातील सर्वांत जास्त मृत्यू झालेल्या प्रदेशांपैकी एक होता. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. साथीचा अभ्यास करणारे सहसा एवढ्यावर थांबतात. परंतु पाऊस न होणे म्हणजे केवळ पीक बुडणे नव्हे. तलाव न भरणे म्हणजे मत्स्यबीज नाही, शिंगाडा नाही, आणि नदीला उतार पडला की नावेलाही गिऱ्हाईक नाही. तापाने घरातील धडधाकट माणूस आडवा पडला तेव्हा ढीवराच्या घरात साठवणीचा दाणा नव्हता, असे अनुमान मी काढतो, आणि त्यात फार धाडस आहे असे मला वाटत नाही. सरणाला लाकूड पुरले नाही म्हणून त्या साली देशातील नद्यांत प्रेते सोडली गेली. नदीत प्रेते तरंगतात तेव्हा ती पाहावी लागतात नदीवर जगणाऱ्यालाच.

हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले, असे म्हणून सुटका नाही. मे २०२१ मध्ये बिहारातील बक्सरजवळ चौसा येथे आणि उत्तर प्रदेशातील बलिया-गाझीपूरकडे गंगेत प्रेते दिसली आणि शासनाने नदीत जाळे लावले. जाळे हे मल्लाहाचे पोटाचे साधन! त्याचा असाही उपयोग राज्यकर्त्यांना सुचला.

आपल्याकडे असे दृश्य दिसले नाही. आपल्याकडचे नुकसान दिसणारे नव्हते, म्हणूनच ते सांगावे लागते. नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. २३ मार्चला राज्याने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या आणि २५ मार्चपासून देश बंद झाला. आता कुही तालुक्यातील आंभोरा डोळ्यांपुढे आणा. येथे कन्हान वैनगंगेला मिळते. अलीकडचा काठ नागपूर जिल्ह्यात, पलीकडचा भंडारा जिल्ह्यात. मुंबईच्या कागदावर जी जिल्ह्याची सीमा, ती आंभोऱ्याच्या नावाड्याची रोजची वाट. पलीकडे त्याची सोयरीक आणि पलीकडेच त्याचे गिऱ्हाईक. एका रात्रीत पलीकडे जाणे गुन्हा ठरला. संसर्ग रोखण्यासाठी वाहतूक थांबवावी लागते, हे मला मान्य आहे. पण एस.टी. थांबली तरी तिच्या चालकाचे नाव महामंडळाच्या पटावर राहिले. नाव थांबली तेव्हा नावाड्याचे नाव कोणत्या पटावर होते?

आणि वेळ कोणती? चैत्र-वैशाख. तलावाचे पाणी आटते, मासा थोड्या पाण्यात गोळा होतो आणि वर्षभर पोसलेले पीक हाती येते ते याच दिवसांत. पाऊस लागला की ठेक्याचे नवे वर्ष आणि नव्या मत्स्यबीजाचा खर्च. केंद्र शासनाने १० एप्रिलला मासेमारीला सूट दिली ती समुद्रातील मासेमारीला आणि मत्स्यशेतीला. नदी-तलावांतील मासेमारी हे शब्द आले १५ एप्रिलच्या आदेशात आणि सूट लागू झाली २० एप्रिलपासून. समुद्राची आठवण आधी झाली, गोड्या पाण्याची दहा दिवसांनी. उन्हाळ्यातले ते दहा दिवस तलावावर फार मोठे असतात. पुढे सूट मिळाली तरी शहराच्या बाजारांना कुलपे होती. धरलेला मासा बर्फावाचून दुपारपर्यंत टिकत नाही. आंभोऱ्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या ढीवराने मला सांगितले, “गुरुजी, मासोळी पाण्यात होती तवा आमची होती, काढली का कोनाचीच नाही.”

मग ऑगस्ट आला. २९ ते ३१ ऑगस्ट २०२० या दिवसांत वैनगंगेला महापूर आला. वर मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सुटले, आणि खाली गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरात पाणी शिरले, ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली गेली. महिनोन्‌महिने ज्यांना परस्परांपासून दूर राहण्यास बजावले होते, त्यांना शाळांच्या खोल्यांत एकत्र निजावे लागले. वरच्या राज्यातून सुटलेले पाणी खालच्या गावात केव्हा पोहोचेल, याचा हिशेब दोन राज्यांच्या यंत्रणांनी वेळेत गावाला सांगितला नाही, अशी तक्रार तेव्हा झाली. ती रास्त होती. नदीचे व्यवस्थापन म्हणजे दरवाजांचे व्यवस्थापन, अशीच आमच्या अभियंत्यांची समजूत आहे. पाणी चढताना त्याचा रंग आणि वास ओळखणाऱ्या माणसाला आपत्तीच्या आराखड्यात स्थान असते ते फक्त ‘बाधित’ या रकान्यात.

त्या गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. धरणाने वाहती नदी थांबवली आणि थांबलेल्या पाण्यात नागपूरचे सांडपाणी साचू लागले. नाग नदी शहराची घाण घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान ती आंभोऱ्याला आणून सोडते. टाळेबंदीत नद्या निर्मळ झाल्या, असे मध्यमवर्गाने मोठ्या कौतुकाने म्हटले. कारखाने बंद पडले तेथे तसे झालेही असेल. पण नाग नदीत मुख्यतः घराघरांतील मैला येतो, आणि टाळेबंदीत घरे काही बंद नव्हती. ज्या पाण्यावर जलपर्णी पसरते तेथे डोंगा चालत नाही आणि जाळे टाकले तर पाल्याने भरून वर येते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. त्या नावात जलमार्ग पहिला आहे आणि नौकानयनही आहे. पुढे नावातून आणि कामातूनही ही दोन्ही मागे पडली, धरण तेवढे उरले. २०१६ साली संसदेने १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केले. त्यांत १०९ व्या क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता आहे, लांबी १६६ किलोमीटर. महाराष्ट्र शासनाच्या यादीत ढीवर सापडतो तो भटक्या जमाती (ब) मध्ये, भोई या नावाखालच्या पोटनोंदीत. जलमार्गाची यादी आणि जातीची यादी, या दोन कागदांची भेट झालेली नाही. २०२४ साली आंभोऱ्याला मोठा पूल सुरू झाला. पूल हवाच होता. बाळंतीण आणि आजारी माणूस यांना आता नावेची वाट पाहावी लागत नाही. पण उताराच्या धंद्याचे काय झाले, हे पुलाच्या समारंभात कोणी विचारले नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना मी एक काम सांगून ठेवले आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील मच्छीमार संस्थांच्या २०१९-२० आणि २०२०-२१ च्या वह्या गोळा करायच्या : बीज किती टाकले, मासा किती निघाला, ठेक्याची रक्कम केव्हा भरली, कर्ज कोणाकडून काढले. त्या दोन सालांत संस्थेतील कोण दगावले, त्यांची नावे वहीतील सभासदांच्या यादीशी ताडून पाहायची. जेथे वही नाही तेथे बायकांना विचारायचे. मासा डोक्यावर घेऊन गावोगाव विकणाऱ्या त्याच असतात, आणि उधारीचा हिशेब त्यांच्या तोंडपाठ असतो. कुही आणि पवनीच्या बाजूने सुरुवात झाली आहे.