तीस तबकड्यांचा एक सूर

श्रोतेहो, रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, बंदराच्या अंगाला दारूखाना आहे. माझं बालपण त्याच्या हाकेच्या अंतरावर गेलं. मोडलेल्या जहाजांचं लोखंड, पितळ, तारांची भेंडोळी, सारं तिथे विकायला यायचं. तार म्हणजे तांबं आणि तांबं म्हणजे पैसा, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक.

वडील गोदीत होते. ते सांगत, पूर्वी मुंबई बंदरात वेळेचा गोळा होता. १८२६ साली स्थापन झालेल्या कुलाब्याच्या वेधशाळेतून तारेनं इशारा आला, की गोळा खाली पडे आणि कप्तान आपापली घड्याळं लावून घेत. घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तापाशी जहाज एक सागरी मैल भलतीकडे दिसे. एका ठिकाणचं अचूक माप दूरवर, न बिघडता पोचवायचं, ही गरज अशी जुनी आहे.

तीच गरज मला फार पुढे जुन्नर तालुक्यात भेटली. मी विज्ञानाचा शिक्षक. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, मुलांना घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला गेलो होतो. तिथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी ही दुर्बीण आहे.

तिची मुळं मुंबईच्या जवळच सापडतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली कल्याणजवळ ३२ छोट्या तबकड्या मांडून सूर्याचं निरीक्षण सुरू केलं. ती रांग साधारण सहाशे मीटरची. खोडदला १९९० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उभारल्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधोमध, बाकीच्या सोळा तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. २००२ पासून जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरू लागले.

या तीस जणींनी मिळून एकच दुर्बीण व्हायचं, तर सगळ्यांचा सूर एक हवा. लालबागच्या भजनी मंडळात पेटीवाला सूर देतो आणि पखवाज त्याला लावून घेतात, तसंच. खोडदच्या मध्यवर्ती इमारतीतलं अतिस्थिर कंपन लेसरच्या प्रकाशावर चढवून ऑप्टिकल फायबरमधून प्रत्येक तबकडीकडे जातं. तिथे ते उतरवून घेतात आणि तबकडीचं स्वतःचं कंपन त्याच्याशी बांधतात.

तांब्याची तार का नाही? एक तर इतक्या लांब तांब्यातून उच्च कंपनांचा संदेश क्षीण होत जातो. केसासारख्या बारीक काचतंतूतून मात्र चौदा किलोमीटरनंतरही जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश उरतो. दुसरं म्हणजे काच वीज वाहत नाही. त्यामुळे आभाळातल्या विजेचा झटका तिच्यातून यंत्रांपर्यंत धावत नाही, आणि आजूबाजूचा रेडिओ गोंगाट ती पकडत नाही.

एवढं ऐकल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, ‘सर, सूर चोख आहे, पण वाटच लांबली तर?’

श्रोतेहो, खरी गोम तिथेच आहे. काच तापली की प्रकाशाला तीतून जायला किंचित जास्त वेळ लागतो. दहा किलोमीटर तंतू एका अंशानं तापला, तर सेकंदाच्या अब्जांश भागाच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त उशीर होतो. हसण्यावारी नेऊ नका! १४०० मेगाहर्ट्झच्या लहरीचं ते अर्धं आवर्तन आहे. शिखराच्या जागी दरी येईल आणि दोन तबकड्यांचे संदेश एकमेकांना पुसून टाकतील. जोडाच्या टोकाशी धुळीचा कण राहिला, तरी थोडा प्रकाश मागे उसळतो आणि सुरात खर येते. त्यात मूळ कंपन दहापट करून वापरलं, की त्यातली थरथरही दहापट होते.

म्हणून तंतू जमिनीखाली पुरतात. तिथे दिवसरात्रीचा चढउतार फार पोचत नाही. आणि निरीक्षण करताना मधूनमधून तबकड्या आकाशातल्या एखाद्या ओळखीच्या रेडिओस्रोताकडे वळवतात. तो कुठे आहे हे पक्कं ठाऊक असतं. मग कोणाचा सूर किती ढळला ते कळतं आणि गणितानं तेवढं काढून टाकतात. चूक होणारच हे मान्य करायचं आणि ती मोजत राहायचं!

या काळजीचं फळ काय? ही दुर्बीण पल्सार नावाच्या ताऱ्यांचे ठोके टिपते. तिनं टिपलेले ठोके युरोपातल्या नोंदींना जोडले गेले आणि जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगापुढे आले. मिलिसेकंदांनी फिरणाऱ्या ताऱ्यांची लय वर्षानुवर्षं तपासायची, तर आपला सूर मध्येच ढळून कसं चालेल?

परत येताना मुलं बसमध्ये झोपली होती. मला वडिलांचा तो गोळा आठवत होता. दारूखान्यात वजनावर विकल्या जाणाऱ्या त्या तारांनी एके काळी काय काय वाहून नेलं असेल, हे लहानपणी कधी मनातच आलं नव्हतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)