चार्वाक, न्याय आणि वाई
आंबवड्याकडून दक्षिणेला डोंगर ओलांडला की वाई. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत न्याय-वेदान्त शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी १९२३ मध्ये कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी मिळवतात आणि पुढे ‘जडवाद’ लिहितात, हा योगायोग नव्हे. निसर्गाबाहेरचे कारण मानू नये, ही निसर्गवादाची भूमिका. ती कोणत्याही एका प्रयोगाने सिद्ध होत नाही. प्रयोग तिच्या आधाराने चालतात. चार्वाकांनी अनुमान नाकारले, असे त्यांचे विरोधक सांगतात. पण धुरावरून अग्नी ओळखल्याविना विज्ञानाचे पाऊल पुढे पडत नाही. म्हणून निसर्गवादाला चार्वाकांइतकेच नैयायिकही हवेत. शास्त्रीबुवांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, त्याचेही काम वाईतच चालले. निसर्गवाद केवळ विलायती म्हणणाऱ्यांनी हा डोंगर एकदा ओलांडावा.