घरमालकालाच मज्जाव

शाळेच्या संगणकावरील विंडोजची एखादी फाईल पुसायला जावे आणि ‘तुम्हाला परवानगी नाही’ असे उत्तर यावे, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांना असेल. यंत्र शाळेचे, ते सांभाळणारे आपण. मग परवानगी द्यायची ती कोणी? याचे मूळ संगणक कोणा एकाचा नव्हता त्या काळात आहे.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखवली. एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम बुडू नये म्हणून पुढे तेथील आयबीएम ७०९४ या यंत्राला स्मृतीचे दोन कप्पे दिले गेले. एक नियंत्रक आज्ञावलीसाठी राखीव, दुसरा वापरणाऱ्यांसाठी. पासवर्डही याच पद्धतीत आले. गंमत अशी, की एकदा दोन व्यवस्थापक एकाच वेळी फायली दुरुस्त करत होते, एक रोजच्या सूचनेची आणि दुसरा पासवर्डच्या यादीची. दोघांच्या तात्पुरत्या फायलींचे नाव एकच पडले, अदलाबदल झाली आणि काम सुरू करणाऱ्या प्रत्येकापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले! कुलूप कितीही भक्कम असो, किल्ल्या ठेवणाऱ्यांचा गोंधळ निराळाच.

१९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेतील युनिक्सने प्रत्येक फाईलला मालक दिला. ती कोणी वाचायची, कोणी बदलायची हे ठरले. फक्त ‘रूट’ या व्यवस्थापकाला सारे काही खुले होते.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला आणि ही सगळी शिस्त बाजूला पडली. एक माणूस, एक यंत्र. कुलूप कोणासाठी लावायचे? त्यातील ८०८८ प्रक्रियकात तशी सोयही नव्हती. डॉसखाली कोणतीही आज्ञावली डिस्कवर कोठेही लिहू शके. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांचा ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात ठाण मांडून बसू लागला. तेव्हा ध्यानात आले, की परका माणूस खोलीत नसला तरी परकी आज्ञावली असू शकते, आणि ती आपल्याच नावाने, आपल्याच अधिकाराने काम करते.

१९९३ च्या विंडोज एनटीत परवानग्या परत आल्या. पण २००१ च्या एक्सपीमध्येही घरोघरचे वापरकर्ते सर्रास व्यवस्थापक म्हणूनच वावरत. जुन्या आज्ञावल्या त्याशिवाय चालत नसत. २००७ साली बाजारात आलेली व्हिस्टा पावलोपावली संमती विचारू लागली. लोक वैतागले, पण माझ्या मते दुखणे व्हिस्टाचे नव्हते, वीस वर्षांच्या मोकाट सवयीचे होते. ॲपलने २०१५ साली ‘रूट’लाही व्यवस्थेच्या फायलींना हात लावण्यास बंदी केली, आणि २०१९ पासून त्या केवळ वाचता येतील अशा वेगळ्या विभागात ठेवल्या.

विद्यार्थ्यांना हे विंडोजवर दाखवता येते. ‘सिस्टम३२’ फोल्डरमधील एखाद्या फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड’ उघडावे. मालक म्हणून तेथे बहुधा आपले नाव नसते, व्यवस्थापकाचेही नसते. असते ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ हे विंडोजच्याच एका सेवेचे नाव.