अजिंठ्याच्या भिंतीवरचं जहाज समुद्रात कसं उतरलं?

छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही भारतीय नौदलाच्या एका शिडाच्या जहाजाचं मूळ याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या पाचव्या शतकातील चित्रावरून बांधलेलं 'आयएनएसव्ही कौंडिण्य' २१ मे २०२५ रोजी कारवार इथे नौदलात दाखल झालं. हे जहाज खास का आहे, समजून घेऊया.

लेण्यात जहाज कशाला?

अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. त्यात ओळीने ठेवलेले रांजणही दिसतात. डोंगरात जहाज पाहून नवल वाटेल, पण मराठवाड्याचा समुद्री व्यापाराशी संबंध त्याहून जुना आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथानुसार पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांतून भडोच बंदरात जात असे. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यांवरही जहाज आहे.

आराखडा नसताना बांधलं कसं?

चित्रात लांबी-रुंदीची मापं नसतात. त्यामुळे हे काम अवघड होतं. जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील 'होडी इनोव्हेशन्स' यांच्यात करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवण्यात आल्या. त्या जोडायला लोखंडी खिळे वापरले नाहीत. फटी बुजवायला नारळाचा काथ्या आणि राळ वापरली. शिवलेले सांधे लाटांबरोबर थोडे लवतात, ही या पद्धतीची ताकद. समुद्रात हे जहाज टिकेल का, हे तपासण्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या.

खरी परीक्षा कधी झाली?

२९ डिसेंबर २०२५ रोजी कौंडिण्य पोरबंदरहून ओमानकडे निघालं. जहाजाला इंजिन नाही. भरवसा वाऱ्यावर, शिडांवर आणि सुकाणूच्या वल्ह्यांवर. १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोहोचलं.

मग हे जुनं जहाज म्हणायचं का?

नाही. जुनी जहाजं वेगळ्या प्रकारे जपली जातात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये सागवानात बांधलेलं 'एचएमएस ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगतं, पण सफरीला जात नाही. १८६३ चं 'स्टार ऑफ इंडिया' अमेरिकेतल्या सॅन दिएगोत आहे आणि अधूनमधून शिडं उभारून समुद्रात जातं. आपलं 'आयएनएस तरंगिणी' २००३-०४ मध्ये जगप्रदक्षिणा करून आलं, पण ते १९९७ मध्ये दाखल झालेलं आधुनिक प्रशिक्षण जहाज आहे.

कौंडिण्यचं लाकूड नवं आहे. त्यात जपली गेली ती विद्या. जहाज शिवणारे कारागीर आज मोजकेच उरलेत. एखादं जुनं जहाज गोदीत डागडुजी करून वाचवता येतं. हातातलं कसब मात्र काम मिळत राहिलं, तरच पुढच्या पिढीकडे जातं.

अजिंठ्याचं मूळ चित्रही नाजूक आहे. प्रखर प्रकाश आणि दमट हवा त्याला मारक ठरते, म्हणून लेण्यांत फ्लॅश वापरायला मनाई आहे. शहरापासून साधारण १०० किलोमीटरवर असलेली ही लेणी सोमवारी बंद असतात. पुढच्या खेपेला गेलात, तर २ क्रमांकाच्या लेण्यात ते जहाज आवर्जून शोधा.