तिजोरीची किल्ली कोणाच्या हातीं?

एकत्र कुटुंबांत भावाभावांना कामें वांटून दिलीं, तरी तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे यावरच घरांतील खरी सत्ता ठरत असते. केंद्रसरकार आणि प्रांत यांच्यांतील अधिकारविभागणीचा आपल्या देशांतील इतिहास हाच धडा शिकवितो.

१९१९ च्या सुधारणा-कायद्यानें केंद्राचे आणि प्रांतांचे विषय वेगळे करण्यांत आले. प्रांतिक विषयांचेहि पुन्हा दोन भाग पडले. शिक्षण, आरोग्य, शेती हीं ‘सोंपीव’ खातीं लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे आलीं. जमाबंदी, पोलीस आणि मुख्य म्हणजे अर्थ हीं ‘राखीव’ खातीं गव्हर्नर व त्याचें कार्यकारी मंडळ यांच्याकडे राहिलीं. हीच द्विदल राज्यपद्धति. मुंबई इलाख्यांत रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले आणि १९२३ सालीं प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु शाळेला मास्तर हवा, मास्तराला पगार हवा, आणि त्या पगाराची मागणी अर्थखात्याच्या दारांतूनच जावयाची! जबाबदारी मंत्र्याची, किल्ली दुसऱ्याची.

१९३५ च्या कायद्यानें संघराज्याचे ५९, प्रांतांचे ५४ आणि समाईक ३६ अशा विषयांच्या तीन याद्या केल्या. संस्थानिक पुरेशा संख्येनें सामील न झाल्यामुळें संघराज्य कागदावरच राहिलें. मात्र १ एप्रिल १९३७ पासून प्रांतांतील अर्थखातें मंत्र्यांच्या हातीं आलें.

१९५० च्या राज्यघटनेनें तीन याद्यांचीच रचना स्वीकारली. प्राप्तीवरील कर, आयातीवरील जकात हीं मोठीं उत्पन्नें केंद्राकडे गेलीं. शाळा, दवाखाने, शेती, पोलीस यांचा भार राज्यांवर आला. कोणत्याच यादींत नसलेले विषयहि संसदेकडे राहिले. ही विषमता घटनाकारांच्या ध्यानांत होती. म्हणूनच केंद्राच्या कर-उत्पन्नांतून राज्यांना वांटा ठरवून देण्यासाठीं दर पांच वर्षांनीं वित्त-आयोग नेमण्याची तरतूद त्यांनीं केली.

पुढें १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें शिक्षण, वनें आदि पांच विषय राज्यांच्या यादींतून समाईक यादींत गेले. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला, आणि केंद्र व राज्यें यांनीं करआकारणीचे आपले कित्येक अधिकार एकत्र आणले. त्याच्या परिषदेंत केंद्राच्या मताचें वजन एकतृतीयांश, सर्व राज्यांचें मिळून दोनतृतीयांश. निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागतें. म्हणजे केंद्राच्या होकारावांचून सर्व राज्यें एक झालीं तरी निर्णय होत नाहीं, आणि राज्यांच्या साह्यावांचून केंद्राचेंहि चालत नाहीं. किल्ली एकच, पण ती फिरविण्यास दोघांचे हात हवेत.

म्हणून, श्रोतेहो, एखादा विषय कोणत्या यादींत आहे एवढें विचारूनच थांबूं नये. गांवच्या शाळेचें छप्पर गळत असेल, तर तें दुरुस्त करण्याचें काम कोणाचें, याबरोबरच त्यासाठीं लागणारा पैसा कोणाच्या हातीं, हेंहि विचारावें. परांजप्यांच्या काळींहि प्रश्न हाच होता; आणि घरांतील भांडणें बहुधा येथूनच सुरू होतात.