डाव्या हाताची तर्जनी

जपानमध्ये राहणाऱ्या बहुतेक परदेशी माणसांच्या पाकिटात एक कार्ड असतं. एटीएम कार्डाएवढं, आत चिप असलेलं. पुढे फोटो, रोमन लिपीत नाव, व्हिसाचा प्रकार, मुदत आणि नोकरी करायला परवानगी आहे की नाही. मागे पत्त्यासाठी मोकळ्या ओळी. घर बदललं की चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात जायचं, तिथला कारकून नवा पत्ता मागे छापून देतो. याला झाइर्यू कार्ड म्हणतात. बँकेत खातं, मोबाईलचं सिम, भाड्याचं घर, सगळीकडे आधी तेच काढून दाखवावं लागतं. पुण्या-मुंबईहून तोक्योच्या निशी-कासाईला येणाऱ्या आपल्या मंडळींना ते विमानतळावरच हातात पडतं, त्यामुळे ते सामानाच्या पट्ट्यावरून बॅगांबरोबरच आलं असावं, इतक्या सहज खिशात जातं.

मी दुभाषी. नव्याने आलेल्या कुटुंबांबरोबर वॉर्ड ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात जाणं हे माझं पोटापाण्याचं काम. या कार्डाबद्दल मला सगळे दोनच गोष्टी विचारतात: रिन्यू कधी करायचं आणि हरवलं तर काय. ते आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नसतं. पण आमच्या गल्लीतल्या लाँड्रीच्या आजींनी एकदा माझ्या नवऱ्याच्या शर्टांच्या घड्या घालताना सहज विचारलं, "तुमची बोटं काळी केली होती का हो?" आजी ओसाकात जन्मल्या, आयुष्यात जपानबाहेर फारशा गेल्या नाहीत, आणि कागदोपत्री परदेशी आहेत. आईवडील कोरियातून आलेले.

त्यांचा जन्म 1941 चा. तेव्हा कोरिया जपानच्या साम्राज्यात होता, म्हणजे बाळ जन्माला आलं ते सम्राटाची प्रजा म्हणून. युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये वीस लाखांच्या आसपास कोरियन होते. बहुतेक परत गेले, सुमारे सहा लाख राहिले. 2 मे 1947 ला सरकारने परदेशी लोकांच्या नोंदणीचा हुकूम काढला. सम्राटाच्या नावाने निघालेला हा शेवटचा हुकूम, कारण दुसऱ्याच दिवशी, 3 मे ला, नवी राज्यघटना लागू होणार होती. त्या हुकुमात एक कलम होतं: कोरियन आणि तैवानी लोकांना या कामापुरतं तूर्त परदेशी समजावं. नागरिकत्व काढून घेतलं नव्हतं, नुसतं 'समजावं'. मला या कलमातली कारकुनी हुशारी अजून थक्क करते. मग 28 एप्रिल 1952 ला सॅन फ्रान्सिस्कोचा तह लागू झाला, जपान पुन्हा स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी या लोकांचं जपानी नागरिकत्व गेलं. कुणाला काही निवडायची संधी नव्हती. परदेशी नोंदणीचा पक्का कायदाही त्याच दिवसाचा. (भारत त्या तहात सामील झाला नव्हता, आपण जूनमध्ये जपानशी वेगळा करार केला. पण कोबेतल्या आपल्या सिंधी आणि पारशी व्यापाऱ्यांना नोंदणी याच कायद्याने करावी लागली.)

कायद्यात बोटाच्या ठशाचं कलम पहिल्यापासून होतं. सरकारचं म्हणणं असं, की लोक दोन-दोन नावांनी नोंदणी करून रेशन उचलतात, चोरून समुद्रापलीकडून येतात. ठसा घेतला की भानगड मिटली. विरोध इतका झाला की अंमल लांबत लांबत 1955 च्या एप्रिलपर्यंत गेला. वयाची अट चौदा वर्षं. आजी त्या वर्षी नेमक्या चौदा वर्षांच्या होत होत्या. शाळेच्या गणवेशातच वॉर्ड ऑफिसात गेल्या. कारकुनाने डाव्या हाताची तर्जनी धरली, शाईच्या काचेवर टेकवली आणि नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागदावर हळूहळू लोळवली. आजी म्हणाल्या, कारकून सभ्य होता, हात पुसायला कागदही दिला. पण मागे रांगेत त्यांच्याच वर्गातल्या मुलीची आई दाखला घ्यायला उभी होती. वर्गात त्या तोवर जपानी नावाने वावरत होत्या.

इथे आपल्या वाचकाला थोडं सांगायला हवं. आपल्याकडे अंगठा उठवण्यात कमीपणा असलाच तर तो निरक्षरतेचा. तलाठ्यासमोर अंगठा देणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. जपानमध्ये प्रत्येकाचा स्वतःचा शिक्का असतो, करारावर तो उमटतो. बोटांचे ठसे पोलीस घेतात, तेही आरोपीचे. गंमत अशी की ठशांच्या शास्त्राची एक नाळ तोक्योत आहे आणि दुसरी बंगालमध्ये. विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1858 साली जंगीपूरला एका ठेकेदाराकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. आणि तोक्योच्या त्सुकिजी भागात दवाखाना चालवणाऱ्या हेन्री फोल्ड्स या स्कॉटिश मिशनरी डॉक्टरला जुन्या मातीच्या भांड्यांवर कुंभारांच्या बोटांच्या रेषा दिसल्या, त्याने त्यावर 1880 च्या ऑक्टोबरमध्ये 'नेचर'मध्ये लेख लिहिला. त्याच्या घराच्या जागी आज स्मारकशिला आहे. म्हणजे ज्याने ठशांचा अभ्यास जगापुढे मांडला, तो स्वतः जपानमध्ये परदेशी रहिवासीच होता.

जुनं ओळखपत्र कार्ड नव्हतं, पुस्तिका होती. तोक्योच्या आझाबूमध्ये जपानमधल्या कोरियन लोकांच्या इतिहासाचं एक छोटं संग्रहालय आहे, तिथे मी काचेआड पाहिली. फोटो, नाव, मूळ गाव, धंदा, पत्ता, आणि ठसा. ही पुस्तिका सतत जवळ बाळगायची. विसरलात आणि पोलिसाने हटकलं तर गुन्हा. आजींचे वडील सार्वजनिक न्हाणीघराला जाताना साबणाबरोबर पंच्यात ती गुंडाळून नेत. दर तीन वर्षांनी नवी पुस्तिका आणि दर वेळी पुन्हा ठसा. मला हे कळेना: बोट तर तेच, रेषा त्याच, मग पुन्हा पुन्हा कशाला? आजी म्हणाल्या, "बोटासाठी नव्हतंच ते. आठवण करून द्यायला होतं."

फोल्ड्सच्या लेखाला शंभर वर्षं होत आली, त्या वर्षी, 10 सप्टेंबर 1980 ला, शिंजुकूच्या वॉर्ड ऑफिसात हान जोंग-सोक नावाच्या गृहस्थांनी बोट पुढे करायला नकार दिला. एकटेच होते. पुढे कुणी कुणी निघाले: विद्यार्थी, पाद्री, गृहिणी. योकोहामात राहणाऱ्या कॅथलीन मोरिकावा या अमेरिकन बाईंना 1984 साली कोर्टाने दहा हजार येनचा दंड केला. दंडापेक्षा जाचक होती ती दुसरी शिक्षा, आणि तिचं नावही शिक्षा नव्हतं. तेव्हा जपानबाहेर जाऊन परत यायचं तर आधी परतीचा परवाना घ्यावा लागे. नकार देणाऱ्यांना तो मिळेना. जपानमध्येच जन्मलेली पियानोवादक चोइ सुन-ए 1986 साली परवान्याविना अमेरिकेला शिकायला गेली आणि कायम वास्तव्याचा हक्क गमावून बसली. सुप्रीम कोर्टातही ती हरली.

1985 हे नूतनीकरणाचं मोठं वर्ष होतं, आणि हजारोंनी ठसा नाकारला. कावासाकीचे महापौर इतो साबुरो यांनी फेब्रुवारीतच जाहीर केलं, की आमची महापालिका नकार देणाऱ्यांची पोलिसांत तक्रार करणार नाही. सरकारने काय केलं? शाई बदलली. काळ्याऐवजी रंगहीन द्रव आणला, जो फक्त कागदावर उमटतो, म्हणजे बोट काळं होत नाही. आणि लोळवण्याऐवजी नुसतं टेकवायचं ठरवलं. सरकारी सुधारणेचा इतका निखळ नमुना मी दुसरा पाहिलेला नाही. मला दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालची आठवण होते. तिथे भारतीयांच्या नोंदणीचे दाखले जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर 16 ऑगस्ट 1908 ला जाळले गेले, दोन हजारांहून अधिक. गांधींपुढेही त्याआधी तडजोडींचे असे बरेच कागद सरकवले गेले होते.

पुढचं भराभर सांगते. 1987 च्या दुरुस्तीने ठसा एकदाच द्यायचा झाला, पुस्तिका जाऊन कार्ड आलं. 1989 मध्ये सम्राट हिरोहितोंच्या निधनानंतरच्या माफीत बरेचसे खटले निकालाविनाच संपले. दोषी की निर्दोष हे कधी ठरलंच नाही, आणि ज्यांना निकालच हवा होता ते चिडले. 1991 च्या जानेवारीत सेऊलला झालेल्या समझोत्यात जपानने कोरियन रहिवाशांचे ठसे बंद करायचं कबूल केलं, आणि 1993 च्या जानेवारीपासून कायम रहिवाशांची सुटका झाली. बाकीच्यांची नाही. त्यामुळे नव्वदच्या दशकात आलेले माझे एक सीनियर, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकलेले, बोट देऊन कार्ड घेऊन गेले आणि त्यांना त्यात काही वाटलंही नाही. 1995 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं, की विनाकारण ठसा द्यायला न लागणं हे स्वातंत्र्य परदेशी माणसालाही आहे. आणि त्याच निकालात, ठशाचा कायदा घटनेला धरूनच आहे असंही सांगितलं. अखेर 1 एप्रिल 2000 पासून ठसा सर्वांसाठी बंद झाला, त्याजागी सही आली.

वायटूकेच्या कामांसाठी आपले इंजिनिअर जपानला यायला लागले ते याच सुमारास. मी त्यांच्यामागून आले, कार्डावर सही केली. मराठी मंडळींत कुणाला तरी असं वाटतं, की जपान मूळचाच सभ्य देश, म्हणून आपल्याला हा त्रास झाला नाही. आपल्या तर्जनीवर शाई लागली नाही ती हान आणि त्यांच्यासारख्यांनी खटले अंगावर घेतले म्हणून, हे मी आता कुणाच्याही घरी चहा पिताना ऐकवते. माझी त्याबद्दल थोडी चेष्टाही होते.

कार्ड मिळूनही आम्ही रहिवाशांच्या यादीत मात्र नव्हतो. जपानी कुटुंबांची नोंद वॉर्ड ऑफिसच्या रहिवासी वहीत, परदेशी लोकांची वेगळ्या वहीत. जपानी माणसाशी लग्न झालेली बाई नवऱ्याच्या कुटुंबाच्या नोंदीत दिसायची नाही. आणि 2003 च्या फेब्रुवारीत योकोहामाच्या निशी वॉर्डने नदीत आलेल्या तामा-चान नावाच्या सीलला मानाची रहिवासी नोंद दिली! तेव्हा काही परदेशी मंडळी तोंडाला सीलच्या मिशा रंगवून मोर्चाने गेली, आम्हालाही द्या म्हणून. 9 जुलै 2012 ला जुना कायदा रद्द झाला, झाइर्यू कार्ड आलं आणि आमची नावं एकदाची त्याच वहीत लागली.  

ठसे मात्र परत आले आहेत. 20 नोव्हेंबर 2007 पासून विमानतळावर सोळा वर्षांवरील परदेशी माणसाला दोन्ही तर्जन्या यंत्रावर ठेवाव्या लागतात, इथे घर असलं तरी. अपवाद आहे आजींसारख्या खास कायम रहिवाशांचा. मागे त्या नातवंडांबरोबर सेऊलला जाऊन आल्या, त्याच सुमारास मी पुण्याहून परतले होते. मी यंत्रावर दोन बोटं टेकवून आले, त्या तशाच आल्या. हे ऐकून त्या इतक्या हसल्या की इस्त्री बाजूला ठेवावी लागली.

ऐंशीच्या दशकात ठसा नाकारणाऱ्यांची आणखी एक मागणी होती: ओळखपत्र सतत जवळ बाळगण्याची सक्ती नको. 2012 मध्ये ती सक्ती खास कायम रहिवाशांसाठी गेली. आपल्यासाठी आहे. जवळ नसेल तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. सोळाच्या आतल्या मुलांना माफ. गेल्या आठवड्यात नव्याने आलेल्या एका तरुणाने फोन करून विचारलं, "ताई, सकाळी नदीकाठी पळायला जातो, तेव्हापण लागतं का हो?" लागतं, म्हटलं. पट्ट्यात अडकवायची पाऊच मिळते, ती घे.