वनपट्ट्यावर दोन नावं, पण फारकत झाल्यावर?

आजच्या एपिसोडमध्ये थोडा इतिहास, थोडा कायदा. प्रश्न साधाच आहे: नवरा-बायकोची फारकत झाली, तर शेत कोणाचं?

घटस्फोट झाला की निम्मी मालमत्ता आपोआप मिळते, असं बऱ्याच जणांना वाटतं. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत तर (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) गोष्ट आणखी वेगळी आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा, दोन्हींतून अनुसूचित जमाती वगळल्या गेल्या. त्यामुळे गोंड, माडिया घरांत फारकत आणि वाटणीला आधार राहिला तो रूढीचा आणि गावच्या बैठकीचा. आता कागदावर बाईचं नावच नसेल, तर त्या बैठकीत ती कशाच्या जोरावर बोलणार?

२००६ च्या वनहक्क कायद्याने इथे बदल केला. वनजमीन कसणाऱ्या जोडप्याला मिळणारा पट्टा दोघांच्याही नावे नोंदवायचा, असं कलम ४(४) सांगतं. पण हा पट्टा विकता येत नाही, वारसांकडेच जातो. मग फारकत झाल्यावर कोण कसणार? त्याबद्दल हे कलम गप्प आहे. मी कोड लिहिणारा माणूस. मला हे असं दिसतं: रकाना बनवला, पुढचा नियम लिहायचा राहिला.

म्हणून उरते मध्यस्थी. पण समोरचा वजनदार असेल, तर एकटीने बसून काय तडजोड होणार? तिथे कामी येतो १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेला. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री, तसंच अनुसूचित जाती-जमातीची कोणतीही व्यक्ती मोफत वकील मागू शकते. उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा.

एक मात्र लक्षात ठेवा. लोकअदालतीतली तडजोड दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून अंगठा देण्याआधी कागद वकिलाकडून वाचून, समजून घ्यायचा.

आणि घरी वनपट्टा असेल, तर आजच काढून बघा. आईचं नाव आहे ना त्यावर?